दोघांचा तंबू: आत्याचे कानमंत्र

पोरांनो, या हिवाळ्यात तुम्ही दोघं बहीणभाऊ स्वतःचा तंबू घेणार, हे ऐकून फार बरं वाटलं. दुकानात जायच्या आधी एक गोष्ट मनात पक्की करा. हलका तंबू म्हणजे पातळ कापड. पाठीवरून जेवढं वजन उतरतं, तेवढी काळजी आपल्या हातांना घ्यावी लागते. ती घ्यायची तयारी असेल तर हलका घ्या. नसेल तर किलोभर जास्त वाहा, त्यात काही कमीपणा नाही.

दोन माणसांचा म्हणजे किती, ते टेपने मोजा

पिशवीवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. एक मॅट साधारण ५० ते ५५ सेंटीमीटर रुंद असते. दोन शेजारी टाकल्या की ११० झाले. तळ १२५-१३० सेंटीमीटर रुंद असेल तर रात्री कूस बदलता येते आणि कपड्यांची पिशवीही मावते. पुष्कळ हलके तंबू पायांकडे निमुळते होत जातात, म्हणून दोन्ही टोकांना मोजा. लांबी सव्वादोन मीटरच्या जवळपास हवी. भिंती तिरक्या असतात. लांबी कमी पडली तर पाय ओल्या कापडाला टेकतात आणि पहाटे स्लीपिंग बॅग भिजलेली असते. दोन बाजूंना दोन दारं असतील तर थोडं वजन जास्त गेलं तरी चालेल. रात्री एकाला उठावं लागलं, तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागत नाही.

वजनाचे दोन आकडे असतात

एक आकडा फक्त आतला तंबू, बाहेरचा फ्लाय आणि पोल यांचा असतो. दुसरा खुंट्या, दोऱ्या, पिशव्या सगळं धरून. पाठीवर येतो तो दुसरा, म्हणून तोच विचारा. दीड ते दोन किलोंचा तंबू तुम्हा दोघांना योग्य. वाटून घेतला की प्रत्येकी किलोभरच. त्याच्या फार खाली गेलात की किंमत चढते आणि कापड नाजूक होतं. कापडावर डेनियर लिहिलेलं असतं. नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. १५ डेनियरचा धागा नऊ हजार मीटर लांब असूनही फक्त १५ ग्रॅम भरतो. बोरीबाभळीच्या काट्यापुढे तो किती टिकेल, हे तुमचं तुम्हीच समजून घ्या.

पाणी किती अडवतं, तेही मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं. कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी झिरपत नाही, असा त्याचा अर्थ. फ्लायला दीड हजार पुरतात. तळाला त्याहून जास्त हवेत, कारण गुडघा टेकला की पाणी दाबाने वर येतं. नायलॉन ओला झाला की सैल पडतो, पॉलिएस्टर कमी सैलावतो. नायलॉनचा घेतलात तर निजण्याआधी एकदा तणावे ओढून घ्या.

गच्चीवरची परीक्षा

तंबू आणला की पहिल्यांदा आपल्या नागपुरातल्या मनीषनगरच्या गच्चीवर उभा करा. खाली जुनी चादर अंथरा, म्हणजे सिमेंटने तळ घासणार नाही. गच्चीत खुंटी जात नाही, आणि नेमकं तेच पाहायचं आहे. चिखलदऱ्याला, हरिश्चंद्रगडावर, सह्याद्रीच्या कितीतरी माथ्यांवर मातीचा थर बोटभर आणि खाली काळा कातळ असतो. जो तंबू पोलच्या बळावर आपला आपण उभा राहतो, तोच तिथे सोयीचा.

चालायच्या काठ्यांवर उभे राहणारे तंबू याहून हलके असतात. ती युक्ती जुनीच आहे. १८९५ साली नंगा पर्बतवर प्राण गमावलेला इंग्रज गिर्यारोहक आल्बर्ट ममरी याच्या नावाचा तंबू बर्फकुऱ्हाडींच्या आधाराने उभा करत. पण असा तंबू सगळा खुंट्यांच्या भरवशावर असतो. आधी खुंट्या ठोकायला शिका, मग त्याचा विचार करा.

गच्चीवरच नळीने पाणी मारून शिवणी तपासा. शिवणीवर आतून पट्टी नसेल तर कापडाला चालणारं सीलर लावा; सिलिकॉनच्या कापडाला सिलिकॉनचंच लागतं. हे सगळं सकाळी लवकर उरका. आपल्याकडचं ऊन नायलॉनचा जीव घेतं. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा दिवसभर तंबू उभा ठेवून कौतुक करत बसू नका.

जागा उजेडात निवडा

आधी तिथे आडवं होऊन पाहा. दगड, मुळं, उतार पाठीला लगेच कळतात. उतार असेलच तर डोकं चढाकडे. वर पाहा, वाळलेली फांदी नको. नाला कोरडा दिसला तरी त्यात झोपायचं नाही. पाऊस वर डोंगरात पडतो आणि पाणी खाली येतं. काळी माती टाळा. ओली झाली की पाणी जिरत नाही, खुंटी धरत नाही आणि चिखल चेनमध्ये शिरतो. मुरमाड जागा बरी.

तंबूची निमुळती बाजू वाऱ्याकडे, दार आडोशाला. खुंटी तिरकी ठोका, तिचं डोकं तंबूपासून बाहेरच्या बाजूला कललेलं राहू द्या. कातळ असेल तर तणाव्याच्या फासात एक काटकी आडवी घाला आणि तिच्यावर मोठा धोंडा ठेवा. तंबू स्वतः उभा राहणारा असला तरी हे करायचंच, नाहीतर वारा त्याला दरीत नेईल. खालचं अंथरलेलं प्लास्टिक तळाच्या बाहेर येऊ देऊ नका. बाहेर आलं की फ्लायवरून ओघळणारं पाणी ते तुमच्याखाली गोळा करतं.

थंडीतही हवा खेळू द्या

विदर्भात कसली थंडी, असं समजू नका. डिसेंबर २०१८ मध्ये आपल्या नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा रात्री सगळ्या चेन लावून घ्याव्याशा वाटतात. पण दोघांच्या श्वासातली वाफ थंड फ्लायवर जमते आणि थेंब होऊन खाली येते. वरचे झरोके उघडेच ठेवा, ओले कपडे बाहेरच्या पडवीत टाका. उघड्या माळापेक्षा झाडाच्या छायेत दव कमी पडतं. जाळीची चेन मात्र कायम बंद ठेवा आणि बूट आत घ्या. घालण्याआधी झटका, विंचू असतात.

स्टोव्ह तंबूत पेटवायचा नाही, कितीही पाऊस असो. कापड क्षणात पेट घेतं, आणि बंद जागेत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. खाण्याचे डबेही उशाशी नकोत. उंदीर पातळ कापड सहज कुरतडतो, मेळघाटच्या बाजूला अस्वलं आहेत. आणि व्याघ्र प्रकल्पात किंवा अभयारण्यात मनाला येईल तिथे तंबू ठोकायचा नसतो. वनखात्याला आधी विचारा. हरिश्चंद्रगडाला जाल तर पाचनईच्या गावकऱ्यांशीही बोला.

घरी आल्यावर काम संपत नाही

पोल ओढून काढू नका, ढकलून काढा. घडी मधल्या जोडापासून घाला, म्हणजे आतल्या लवचिक दोरीवर सारखा ताण येतो. चेनचे दात जुळेनासे झाले तर तिचा सरकता भाग पकडीने अगदी हलके दाबा, बहुतेक वेळा काम होतं. फाटलं तर ठिगळाचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा लवकर सुटतो.

तंबू साध्या पाण्याने स्पंजने पुसा. मशीन नको, साबणाची पावडर नको. सावलीत पूर्ण वाळवा. मग मूळ पिशवीत कोंबू नका, सुती अभ्र्यात सैल ठेवा. सज्ज्यावर तर मुळीच टाकू नका. उन्हाळ्यात स्लॅबखालची ती जागा भट्टीसारखी तापते, पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा येते, आणि कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर चिकट होऊन वास मारायला लागतो. तो पुन्हा नीट होत नाही. कपाटाचा खालचा कप्पा बरा.

शेवटचं, आणि हे दोघांनीही ऐका. एक जण तंबू लावणार आणि दुसरा टॉर्च धरणार, असं ठेवू नका. दोघांनाही तो एकट्याने, अंधारात, लावता आला पाहिजे. डोंगरात एकाला ताप भरला, पाय मुरगळला, तर निवारा उभा करणं दुसऱ्याच्या हातात असतं. गच्चीवरचे दिवे बंद करून आळीपाळीने सराव करा. दोघांनाही जमलं की कळसूबाईचं तिकीट काढा.