गोळीच्या आधी किडा ओळखा

उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या गहू-तुरीत श्रावणाच्या आसपास किडे दिसू लागतात आणि घरात पहिली चर्चा होते ती औषधाची. त्याआधी किडा ओळखावा, असा आमचा आग्रह आहे. कारण तो कुठून आला आणि साठवण कुठे चुकली, हे त्याच्यावरूनच कळतं. मूठभर धान्य पांढऱ्या ताटात पसरून उजेडात न्या. गहू, ज्वारी किंवा तांदळात तीन-चार मिलिमीटरचा, पुढे सोंड असलेला गडद तपकिरी किडा चालताना दिसला, तर तो सोंड्या. त्याची मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवते. अळी दाण्यातच वाढते. म्हणून चाळून, पाखडून वरचे किडे गेले तरी महिनाभरात नवे बाहेर पडतात. धान्य नीट वाळलं नव्हतं किंवा नंतर ओल लागली, हे त्याच्या वाढीमागचं नेहमीचं कारण. कडधान्याची गोष्ट वेगळी. तुरीच्या किंवा हरभऱ्याच्या दाण्यावर खसखशीहून बारीक, चिकटलेला पांढरा ठिपका दिसला, तर ते भुंगेऱ्याचं अंडं. ही कीड बहुधा शेतातल्या शेंगांवरूनच घरी येते, त्यामुळे कणगी कितीही स्वच्छ असली तरी ती लागू शकते. इथे उपाय मळणीनंतर लगेच करायचा: कडक ऊन द्यायचं, वर्षाची डाळ लवकर भरडून घ्यायची आणि खाण्यासाठी अख्खं ठेवायचं त्याला किलोमागे पाच-दहा मिलिलिटर गोडं तेल चोळायचं. पिठातला चपटा तांबडा भुंगेरा मात्र अख्खा, निरोगी दाणा फोडू शकत नाही. तो धान्यात सापडला, तर आधीच चुरा झाला आहे आणि खरा गुन्हेगार दुसराच आहे.

यावर कोणी म्हणेल, किडा कोणताही असो, गोळीनं मरतोच ना? मरतो, पण ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळीतून निघणारा फॉस्फिन माणसालाही मारतो आणि दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत पोचतो. राहत्या घरात ती वापरूच नये. प्रशिक्षित माणसानं हवाबंद साठवणीत वापरायची ती वस्तू आहे. दुसरा आक्षेप असा, की एवढं बारीक बघायला भिंग कुठून आणायचं? सोंड आणि चिकटलेलं अंडं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. भिंतीला टेकलेल्या पोत्यापाशी फिकट, पिनेच्या टोकाएवढे किडे धावताना दिसले, तर ते बुरशीवर जगतात. त्यांच्यामागे लागू नका. पोती फळ्यांवर घ्या, भिंतीपासून हातभर दूर सरकवा.

खापऱ्याकडे सर्वांत कमी लक्ष जातं, म्हणून तो जास्त घातक. प्रौढ किडा क्वचितच नजरेस पडतो. दिसतात त्या पोत्याच्या वरच्या थरातल्या केसाळ, तपकिरी अळ्या आणि त्यांच्या कातींचा ढीग. ही अळी अन्नावाचून भिंतीच्या भेगेत किंवा पोत्याच्या शिवणीत दीर्घकाळ तग धरते. त्यामुळे धान्य बदलून उपयोग नाही. भेगा लिंपाव्या लागतात आणि जुनी पोती पुन्हा भरण्यापूर्वी उलटी करून, उकळत्या पाण्यात बुडवून, शिवणीसकट खडखडीत वाळवावी लागतात.