पक्षवधोत्तर भय : 'अभीरुत्व' परत मिळविण्याची चिकित्सा

पक्षवधाचा रुग्ण तीन-चार महिन्यांनी फेरतपासणीस येतो, तेव्हा आपण त्यास हात वर उचलावयास सांगतो, मूठ आवळावयास लावतो, चार पावले चालवून पाहतो आणि केसपेपरवर 'बल वाढले, उपशय' अशी नोंद करतो. परंतु तोच रुग्ण घराचा उंबरठा ओलांडत नाही, ही गोष्ट त्या नोंदीत कोठेच येत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय ही राहून गेलेली नोंद हाच आहे.

एक रुग्णचित्र पाहू. ते कोणा एका व्यक्तीचे नसून व्यवसायात वारंवार भेटणाऱ्या अनेकांचे मिळून बनलेले आहे. निवृत्त शिक्षक, वय ६२, उजव्या अंगाचा पक्षवध. चार महिन्यांत ते काठीशिवाय चालू लागले. मात्र बँकेत सही जुळली नाही आणि अंगठा उठवावा लागला. ज्यांनी तीस वर्षे मुलांची अक्षरे सुधारली, त्यांना ही गोष्ट फार लागली. त्यानंतर ते बँकेत गेले नाहीत. पंगतीत डाव्या हाताने जेवावे लागेल म्हणून लग्नकार्यास जाणे सोडले. रात्री हातास मुंग्या आल्या की 'पुन्हा झटका आला' या धास्तीने उठून बसतात. घरची मंडळी प्रेमापोटी म्हणतात, "तुम्ही बसा, आम्ही करतो." हात सुधारला, माणूस मात्र खचला.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील ९ व्या अध्यायात चिकित्सेच्या चतुष्पादांचे वर्णन आहे. त्यात रुग्णाचे चार गुण सांगितले आहेत : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. पक्षवधात हे चारही गुण एकाच वेळी दुखावतात. स्मृती मंदावते, सांगितलेले पाळण्याचा उत्साह राहत नाही, वाणी गेल्यास व्यथा सांगता येत नाही, आणि भय मनात घर करते. म्हणजेच चिकित्सेचा चौथा पादच लंगडा होतो. तो सावरल्याविना उरलेल्या तीन पादांचे श्रम पुरते फळास येत नाहीत.

याच स्थानाच्या २५ व्या अध्यायात रोग वाढविणाऱ्या गोष्टींमध्ये विषादास अग्रस्थान दिले आहे, तर ११ व्या अध्यायात दैवव्यपाश्रय व युक्तिव्यपाश्रय यांच्या बरोबरीने सत्त्वावजय ही स्वतंत्र चिकित्सा सांगितली आहे. आधुनिक पाहण्यांतही साधारणतः तीन रुग्णांपैकी एकास आघातानंतर केव्हा ना केव्हा विषाद होतो आणि चार-पाच जणांपैकी एकास चिंता ग्रासते, असे आढळते. तेव्हा हा 'मनाचा कमकुवतपणा' नव्हे. तो व्याधीचाच एक भाग आहे, हे रुग्णास व आप्तांस प्रथम स्पष्ट सांगावे.

परीक्षण

'सर्व मनाचे खेळ आहेत' असे म्हणण्यापूर्वी पुढील भेद करावेत.

१. भय : पुन्हा झटका येण्याचे, पडण्याचे, एकटे राहण्याचे. छातीत धडधड असल्यास नाडीची अनियमितता, रक्तदाब व रक्तशर्करा आधी तपासावी. मधुमेहाच्या औषधांनी साखर उतरली तरी घाम, कंप व घाबरेपणा येतो.

२. लज्जा : लाळ गळणे, शब्द अडखळणे, कपातला चहा सांडणे यांमुळे चारचौघांत जाणे टाळणे.

३. विषाद : दोन आठवडे वा अधिक काळ कशातच गोडी न वाटणे, मन उदास राहणे. निद्रा व क्षुधा यांची चौकशी अवश्य करावी.

४. अनावर रडणे वा हसणे : क्षुल्लक कारणाने येते व लगेच ओसरते. हा मेंदूच्या इजेचा परिणाम असू शकतो. प्रत्येक वेळी तो दुःखाचाच असतो असे नाही.

वाणी गेलेल्या रुग्णास 'हो-नाही' अशी उत्तरे देता येतील असे प्रश्न विचारावेत, चित्रे दाखवावीत आणि उत्तरास वेळ द्यावा. त्याच्यासमोर त्याच्याविषयी परस्पर बोलू नये.

सत्त्वावजय : पायरीपायरीचा उपक्रम

'घाबरू नका' असे सांगितल्याने भय जात नाही. जे करण्याची भीती वाटते ते थोडेथोडे करून, त्यातून काही अनिष्ट घडत नाही याचा अनुभव आला म्हणजे ते ओसरते. त्यासाठी रुग्णाने स्वतः निवडलेले एक काम घ्यावे आणि त्याच्या पायऱ्या पाडाव्यात. वरील शिक्षकांचे उदाहरण घेतल्यास :

- पहिला आठवडा : सोबतीने फाटकापर्यंत जाणे, घरी रोज दहा वेळा सही गिरविणे.
- दुसरा : शेजाऱ्यांकडे जाऊन चहा घेणे, कप अर्धाच भरलेला.
- तिसरा : गर्दी नसलेल्या वेळी बँकेच्या दारापर्यंत जाऊन येणे.
- चौथा : बँकेत जाऊन नवी नमुना सही देण्याविषयी स्वतः विचारणे, सोबतीने दहा पावले मागे राहावे.

पायरी इतकी लहान असावी की ती बहुधा साधेल. भय वाटताच माघारी फिरू नये. सुरक्षित जागी बसून, श्वास संथ करून, भय उतरू द्यावे व मग परतावे. पायरी साधेपर्यंत तीच रोज करावी, आठवडा संपला म्हणून पुढे ढकलू नये. केलेल्या कामाची वहीत नोंद ठेवावी. प्राणायाम संथ श्वसनापुरताच ठेवावा. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास कुंभक देऊ नये. अभ्यंग करताना दुर्बल हातास तेल शक्य तितके रुग्णानेच लावावे. त्या हाताशी तुटलेले नाते त्यामुळे पुन्हा जुळू लागते.

परिचारकाच्या गुणांत अनुराग सांगितला आहे, तसेच दाक्ष्यही सांगितले आहे. गुंडी लावण्यास दहा मिनिटे लागली तरी ती रुग्णास लावू देणे, यात दोन्ही गुण दिसतात. परिचारकाचीही झोप व मनःस्थिती विचारावी.

औषधविक्रेत्यांसाठी

'झोप लागत नाही, काहीतरी द्या' अशी मागणी प्रथम दुकानाच्या फळीवर येते. पक्षवध झालेला आहे का व कोणती औषधे चालू आहेत, हे विचारल्याशिवाय काहीही देऊ नये. सर्पगंधा रक्तदाब उतरविते आणि विषाद वाढवू शकते. ज्येष्ठमधाच्या दीर्घ सेवनाने रक्तदाब चढतो. अश्वगंधा व जटामांसी यांनी झोपेच्या गोळ्यांची गुंगी वाढू शकते आणि रुग्ण पडू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबरोबर लसूण वा गुग्गुळाचे कल्प देताना चिकित्सकाचा सल्ला आवश्यक आहे. ब्राह्मीसारखी मेध्य द्रव्ये साहाय्यक आहेत. ती वरील उपक्रमाची जागा घेऊ शकत नाहीत. रक्त पातळ करणारी वा रक्तदाबाची चालू औषधे आपल्या शब्दावर कोणीही बंद करू नयेत.

विलंब न करण्याची स्थाने

तोंड वाकडे होणे, एक अंग अचानक लुळे पडणे, वाणी अडखळणे यांपैकी काहीही नव्याने घडल्यास मर्दन वा औषधात वेळ न दवडता सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ पाठवावे. रक्ताची गुठळी विरघळविण्याचे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच उपयोगी पडते, आणि त्यातही जितके लवकर तितके हितकर. 'जगून काय उपयोग' असे उद्गार आल्यास ते हसण्यावारी नेऊ नयेत. आत्मघाताचा विचार येतो का, हे सरळ विचारावे, रुग्णास एकटे ठेवू नये व त्याच दिवशी मानसरोगतज्ज्ञांकडे न्यावे. शासनाची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर मिळते.

उपसंहार

पुढील तपासणीच्या वेळी मूठ आवळावयास सांगण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत व उत्तरे केसपेपरवर लिहावीत : गेल्या आठवड्यात घराबाहेर किती वेळा गेलात? कोणते काम करण्याची भीती वाटते? पूर्वी करीत होता त्यांपैकी कोणते काम पुन्हा करावेसे वाटते? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की चिकित्सेची पहिली पायरी कोठे घालावी, हे वैद्यास आपोआप कळते.