गिरक्या मोजायच्या की सूर ऐकायचा?

प्रश्न : माझी मुलगी रोलर स्केटिंग शिकते. तिच्यामुळे मलाही बर्फावरच्या फिगर स्केटिंगच्या स्पर्धा पाहायची गोडी लागली. पण गुण जाहीर झाले की माझा गोंधळ उडतो. एखादा खेळाडू चक्क आपटतो आणि तरीही संगीतात रंगून, एकदाही न अडखळता स्केटिंग करणाऱ्याच्या पुढे जातो. हा उड्यांचा खेळ आहे की नृत्याचा? उड्याच मोजायच्या असतील, तर संगीत लावायचं कशाला? आणि आमच्यासारख्यांनी पाहताना नेमकं काय पाहावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पडूनही पुढे कसं जाता येतं, हे हिशेबानं कळतं, म्हणून आधी तेच घेऊ.

आजच्या पद्धतीत प्रत्येक उडीची मूळ किंमत ठरलेली असते. तीन गिरक्यांच्या लुट्झ उडीला ५.९० गुण, चार गिरक्यांच्या लुट्झला, म्हणजे ‘क्वाड’ला, ११.५०. म्हणजे एक गिरकी वाढली की किंमत जवळजवळ दुप्पट. त्यावर नऊ परीक्षक उणे पाच ते अधिक पाच असा दर्जा देतात. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा आकडा वगळून बाकीच्यांची सरासरी काढली जाते आणि दर्जाच्या एका अंकामागे मूळ किंमतीच्या दहा टक्के गुण वाढतात किंवा घटतात. खेळाडूनं हवेत चारही गिरक्या पूर्ण केल्या आणि उतरताना तो पडला, तर दर्जा उणे पाच, म्हणजे निम्मी किंमत गेली. पडल्याबद्दल आणखी एक गुण वजा. तरी ११.५०पैकी ४.७५ गुण त्याच्या पदरात पडतातच.

आता याच तराजूच्या दुसऱ्या पारड्यात पाहा. संगीताच्या लयीवर एकेका पायानं, ब्लेडची धार सतत बदलत, डावी-उजवी वळणं घेत सारी रिंक व्यापणारी पदन्यासांची मालिका प्रत्येक कार्यक्रमात असते. पायांचं खरं शिक्षण तिथे दिसतं. सर्वांत अवघड, म्हणजे चौथ्या श्रेणीच्या मालिकेची मूळ किंमत ३.९०. सगळ्या परीक्षकांनी अधिक पाच दिले, तरी ५.८५. जगात कुणालाही त्याहून चांगली करता येणार नाही अशी पदन्यासमालिका आणि जमिनीवर लोळण घेतलेली क्वाड लुट्झ, यांत अंतर जेमतेम एका गुणाचं. तुम्हाला जे खटकलं ते खटकण्यासारखंच आहे.

कलेसाठी वेगळे गुण आहेत, नाही असं नाही. रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य, या तिन्हींना प्रत्येकी दहापैकी गुण मिळतात. स्पर्धेतल्या छोट्या आणि मोठ्या अशा दोन कार्यक्रमांपैकी पुरुषांच्या मोठ्या कार्यक्रमात त्यांना ३.३३नं गुणतात, म्हणजे कमाल बेरीज शंभराच्या आसपास. ही पद्धत आखताना हे शंभर आणि उड्या-गिरक्यांचे तांत्रिक गुण साधारण तोलास तोल राहतील, असा अंदाज होता. तो अंदाज उड्यांनी मागे टाकला. २०२४ साली माँट्रियलच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या इलिया मालिनिननं मोठ्या कार्यक्रमात २२७.७९ गुण मिळवले. परीक्षकांनी त्याला कलेचे शंभरच्या शंभर दिले असं क्षणभर धरलं (तसे ते दिले नव्हते), तरी १२७हून अधिक गुण तांत्रिक बाजूचे उरतात. खेळाडू नवी गिरकी शिकला की तांत्रिक गुण वर सरकतात. कलेचे गुण दहाला जाऊन थांबतात. माझ्या मते या खेळाचं आजचं दुखणं उड्यांमध्ये नाही, या न वाढणाऱ्या मर्यादेत आहे.

उड्या एका बाजूला आणि कला दुसऱ्या बाजूला, अशी सरळ मांडणी मात्र करू नका. २०१०च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकचा निकाल त्यासाठी नीट पाहण्यासारखा आहे. रशियाच्या येवगेनी प्लुशेंकोनं क्वाड मारली. अमेरिकेच्या इव्हान लायसाचेकनं एकही क्वाड न मारता सुवर्णपदक नेलं, २५७.६७ विरुद्ध २५६.३६. प्लुशेंको उघड संतापला. क्वाडशिवाय पुरुषांचं विजेतेपद कसलं, हा त्याचा सवाल होता. जगभर चर्चा झाली ती कलेनं ताकदीवर मात केल्याची. पण गुणपत्रिका वेगळंच सांगते. मोठ्या कार्यक्रमात कलेचे गुण दोघांना अगदी सारखे होते, ८२.८०. लायसाचेक जिंकला तो तांत्रिक गुणांवर, ८४.५७ विरुद्ध ८२.७१. त्याच्या उड्या स्वच्छ उतरल्या होत्या, जागेवरच्या गिरक्या अधिक नेमक्या होत्या आणि कार्यक्रमाच्या उत्तरार्धात, पाय थकल्यावर मारलेल्या उड्यांना तेव्हा मिळणारा जादा दहा टक्क्यांचा लाभ त्यानं जास्त घेतला होता. कलेनं तिथे कुणाला जिंकवलंही नाही आणि हरवलंही नाही.

हा जादा लाभच पुढे रचनेच्या मुळावर आला. २०१८ साली प्योंगचांगला पंधरा वर्षांच्या अलिना झागितोवानं आपल्या सातही उड्या उत्तरार्धात ठेवल्या. ‘डॉन किहोते’ या बॅलेच्या संगीतावर पहिली दोन मिनिटं पदन्यास आणि गिरक्या, आणि मग एकामागून एक उड्यांचा पाऊस. तिची त्या वयातली ताकद थक्क करणारी होती. येवगेनिया मेदवेदेवाला आणि तिला मोठ्या कार्यक्रमात १५६.६५ असे समान गुण पडले आणि एकूण बेरजेत झागितोवा १.३१नं जिंकली. नियमात बसेल असंच तिनं केलं, त्यात तिचा काही दोष नाही. पण संगीताला कुठे उडी हवी आहे, हे तिथे संगीतानं ठरवलं नाही, गुणतक्त्यानं ठरवलं. त्याच वर्षी नियम बदलला. आता मोठ्या कार्यक्रमात शेवटच्या तीनच उड्यांना हा लाभ मिळतो.

उड्यांनी कलेची जागा खाल्ली म्हणतात ती नेमकी कशी? एक क्वाड लुट्झ जवळून पाहू. खेळाडू वेग घेतो, मग डाव्या पायाच्या बाहेरच्या धारेवर मागे तोंड करून लांबलचक कमानीत सरकत राहतो. खांदे स्थिर, श्वास रोखलेला, नजर मागच्या कोपऱ्याकडे. मग उजव्या स्केटचं दातेरी टोक बर्फात रुतवून तो वर उसळतो आणि हात छातीशी घट्ट आवळतो. हात जितके आत, तितकी गिरकी वेगवान. सेकंदाला पाचाहून जास्त फेऱ्यांचा वेग येतो. हवेत तो पाऊण सेकंदही नसतो. तेवढ्यात चार गिरक्या उरकून तो एका पायाच्या ब्लेडवर उतरतो आणि शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का तो एकटा घोटा-गुडघा झेलतो. उडी क्षणाची, पण तिच्या आधीची ती कमान कित्येक सेकंद चालते. त्या वेळात हात, मान, चेहरा यांना दुसरं काही करायची मुभाच नसते. चार मिनिटांत अशा पाच-सहा उड्या घातल्या, की कार्यक्रमातला किती वेळ नुसत्या तयारीत गेला हे तुमच्या लक्षात येईल. ख्याल गाणारा प्रत्येक तानेआधी थांबून दम घेऊ लागला, तर ताना कितीही तयारीच्या असोत, राग उभा राहत नाही. तसंच आहे हे.

म्हणून अवघड पदन्यासातून थेट उडीत शिरणारा खेळाडू मला फार मोठा वाटतो. जपानच्या युझुरू हान्यूची ट्रिपल ॲक्सेल पाहा. उडीआधीची वळणं आणि उतरल्यानंतरची वळणं सलग एकाच ओळीत असतात, आणि उडी त्या ओळीतला एक शब्द होते. नियमांनाही हे ठाऊक आहे. उडीचा दर्जा ठरवायच्या सहा कसोट्यांमध्ये उडीआधीचे पदन्यास किंवा अनपेक्षित प्रवेश ही एक आहे आणि संगीताशी मेळ ही दुसरी. पण अधिक पाचसाठी सहापैकी पाच पुरतात, आणि सक्ती आहे ती उंची-लांबी, चांगली उसळी व उतरण, आणि सहजता या तिघांचीच. परिणाम असा, की संगीताकडे पूर्ण पाठ फिरवूनही उडीला सर्वोच्च दर्जा मिळू शकतो. ही एक ओळ बदलून संगीताचा मेळ सक्तीचा केला, तरी पुष्कळ फरक पडेल असं मला मनापासून वाटतं.

हा तोल पूर्वी बरोबर होता आणि आता बिघडला, असंही समजू नये. पूर्वी तो भलतीकडेच बिघडलेला होता. बर्फावर ब्लेडनं ठरावीक वर्तुळं आणि आकृत्या काढायच्या, हा स्पर्धेचा मोठा भाग असे. खेळाच्या नावातला ‘फिगर’ तो हाच. १९७२च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बेआट्रिक्स शूबानं आकृत्यांत इतकी आघाडी घेतली, की संगीतावरच्या कार्यक्रमात सातवी येऊनही सुवर्ण तिचंच. प्रेक्षकांची लाडकी, अमेरिकेची जॅनेट लिन, कांस्यपदकावर राहिली. टीव्हीवर लोकांना दिसायचा तो फक्त संगीतावरचा कार्यक्रम, त्यामुळे निकाल कुणाच्या गळी उतरेना. पुढच्याच वर्षी छोटा कार्यक्रम सुरू झाला आणि १९९०नंतर आकृत्या स्पर्धेतून गेल्याच. त्यांनी रिकामी केलेली जागा उड्यांनी घेतली.

मग ६.० गुणांच्या जुन्या पद्धतीत काय वाईट होतं, असं तुम्ही विचाराल. तंत्राला एक गुण, कलेला एक, आणि मोठ्या कार्यक्रमात बरोबरी झाली तर कलेचा गुण निर्णायक. ऐकायला गोड वाटतं. पण तो गुण कशासाठी दिला, हे कुणाला सांगावं लागत नसे. २००२ साली सॉल्ट लेक सिटीत जोड्यांच्या स्पर्धेत रशियन जोडीला सुवर्ण मिळालं आणि फ्रान्सच्या परीक्षक महिलेवर दबाव आल्याचं प्रकरण बाहेर आलं. शेवटी कॅनडाच्या जेमी साले आणि डेव्हिड पेल्तिये यांनाही दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. आजची आकडेमोड त्या घोटाळ्यातून जन्मली. कलेचं मूल्यमापन अंगाशी आलं होतं, म्हणून मोजता येईल त्यावर भर गेला. मोजायला सगळ्यांत सोपी असते ती उडी.

या ओढाताणीची किंमत मुलींनी जास्त मोजली आहे. हलकं, अरुंद, वयात न आलेलं शरीर हवेत लवकर फिरतं, त्यामुळे क्वाडची शर्यत पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींपर्यंत पोहोचली. २०२२च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या कामिला वालियेवाच्या उत्तेजक चाचणीचं प्रकरण साऱ्या जगानं पाहिलं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेनं वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा टप्प्याटप्प्यानं १५वरून १७ केली. तोलाच्या दृष्टीनं गेल्या कित्येक वर्षांत झालेला सर्वांत शहाणा निर्णय हाच. त्याच बीजिंगमध्ये अलेक्सांद्रा त्रुसोवानं एका कार्यक्रमात पाच क्वाड मारल्या आणि मोठ्या कार्यक्रमात ती पहिली आली. सुवर्ण मिळालं दोन क्वाड मारणाऱ्या आना श्चेरबाकोवाला. छोट्या कार्यक्रमात त्रुसोवा पडली होती, ते तिला भोवलंच. शिवाय मोठ्या कार्यक्रमात कलेच्या गुणांत ती ४.२९नं मागे होती, आणि अंतिम अंतर होतं ४.२२. मर्यादा घातलेली असली, तरी कला अजून निकाल फिरवू शकते.

माझ्याकडे अधिकार असता, तर मी परीक्षकांचे दोन गट केले असते. आज तेच नऊ जण एकेका घटकाचा दर्जाही देतात आणि शेवटी कलेचे गुणही. समोर सहा क्वाड स्वच्छ उतरताना पाहिल्यावर त्याच माणसाचा हात कलेच्या रकान्यात सैल सुटतो, हा मनुष्यस्वभाव आहे. उड्यांचा दर्जा एकांनी पाहावा, कार्यक्रम दुसऱ्यांनी.

तुमच्या घरी नृत्याची आवड असेल, तर ‘आइस डान्स’ हा प्रकार जरूर पाहा. त्यात अनेक गिरक्यांच्या उड्या नसतातच, सगळं धारांवर आणि लयीवर असतं. व्हँकुव्हरला अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट यांनी ‘देवदास’ आणि ‘बंटी और बबली’ या चित्रपटांच्या संगीतावर नाच केला होता. त्यातल्या मुद्रा आणि मान-डोळ्यांच्या हालचाली पाहताना तुमच्या मुलीला ओळखीचं काही सापडेल. त्या वर्षी त्यांना रौप्य मिळालं, २०१४ला सोचीत सुवर्ण.

आता पाहावं काय? उडीचं नाव ओळखायच्या मागे लागू नका. पुढे तोंड करून उसळी घेतली तर ती ॲक्सेल, एवढं कळलं तरी सुरुवातीला पुरे. पाहायचे ते उडीआधीचे तीन-चार सेकंद आणि उतरल्यानंतरचे दोन. आधी खेळाडू नुसता सरकत वाट पाहत होता, की काही करत होता? उतरल्यावर वेग टिकला, की बर्फानं तो गिळला? उडी संगीताच्या ठोक्यावर पडली का? तुमची मुलगी चाकांवर असली, तरी वेग आणि धार तिला आपोआप कळेल. बर्फावरही पाया तोच आहे.

आणि एक नाव तिला सांगा, काओरी साकामोतो. तिच्याकडे क्वाड नव्हती, ट्रिपल ॲक्सेलही नव्हती. मोठा कार्यक्रम ती बहुतेक वेळा अडीच गिरक्यांच्या डबल ॲक्सेलनं सुरू करायची. त्या उडीची मूळ किंमत आहे ३.३०. पण भरधाव वेगात येऊन ती असं लांबलचक अंतर हवेतून कापायची आणि उतरल्यावर त्याच वेगात पुढे वाहत जायची, की स्टेडियममधून आवाज उठायचा. २०२२, २०२३ आणि २०२४, अशी सलग तीन वर्षं ती जगज्जेती होती.