कान्हेरीचा ओढा : एक निसर्गपाठ

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीच्या डोंगराला चिरत एक ओढा वाहतो. लेणी पाहावयास येणारे बहुतेक लोक त्याच्याकडे न पाहताच पुढे जातात. आम्ही मात्र आमच्या विद्यार्थ्यांना प्रथम ओढ्याकाठीच बसवितो. भिक्खुसंघाने वस्तीसाठी हे स्थान का निवडले, हे तेथे बसल्याखेरीज नीट उमगत नाही.

कान्हेरी म्हणजे प्राचीन कृष्णगिरी. इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून पुढे कित्येक शतके येथे शंभराहून अधिक लेणी कोरली गेली. पावसाळ्यात दुथडी भरणारा ओढा उन्हाळ्यात मात्र क्षीण होतो. म्हणून विहारांच्या अंगणाशी खडकात टाकी खोदलेली आहेत. कातळावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी या टाक्यांत उतरते. शिलालेखांतील त्यांचे नाव 'पोढी'. एका पोढीवरील लेखात वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी ही महाक्षत्रपाची कन्या असल्याचा उल्लेख आहे. सातवाहन आणि क्षत्रप ही परस्परांशी लढणारी घराणी. त्यांच्यातील या सोयरिकीची साक्ष इतिहासाला मिळाली ती एका अमात्याने दान दिलेल्या पाण्याच्या टाक्यावर!

आता पक्ष्यांकडे वळू. हिवाळ्यात ओल्या दगडांवर शेपटी हलवीत करडा धोबी हिंडतो. झाडीतून भृंगराज नाना पक्ष्यांच्या नकला करतो. परंतु आम्हांस विशेष ओढ आहे ती तिबोटी खंड्याची. चिमणीएवढा हा पक्षी, पोट पिवळे, चोच लालभडक. पावसाच्या आरंभी तो कोकणपट्टीतील रानात येतो आणि ओढ्यांच्या मातीच्या काठात आडवे बीळ खणून त्यात अंडी घालतो. पाऊस सरला की निघून जातो. वर्षावासासाठी भिक्खू एके ठिकाणी स्थिरावत, नेमक्या त्याच महिन्यांत हा पाहुणाही रानात मुक्कामाला असतो, हे ऐकून मुलांचे डोळे चमकतात.

येथे आमची एक चूक सांगणे प्राप्त आहे. एका आषाढात आम्ही चाळीस विद्यार्थी एकदम नेले. उत्साहाच्या भरात मुले पायवाट सोडून काठावर उतरली आणि भिजलेल्या मातीचा एक मोठा लगदा प्रवाहात कोसळला. त्यात बीळ होते की नव्हते, हे आम्हांस कधीच कळले नाही. पाणी गढूळ झाले आणि मुले आपोआप गप्प झाली. परतताना कोणी गाणे म्हटले नाही.

तेव्हापासून आम्ही आठ-आठ मुलांचे गट करतो. वनविभागाने आखलेली वाट सोडावयाची नाही, घरट्याजवळ छायाचित्र घ्यावयाचे नाही आणि बिळात ये-जा करणारा पक्षी दिसताच मागे फिरावयाचे, असा आमचा दंडक आहे. यामुळे काही गटांना तिबोटी दिसतच नाही. अशा वेळी आम्ही मुलांना पोढीकाठी नेतो, पन्हळीतून पाणी कसे उतरते ते बोटाने दाखवितो, आणि ज्याच्या त्याच्या वहीत त्या दिवशी ऐकलेल्या आवाजांची नोंद करवून घेतो.