बगळा ओळखताना

पक्षिनिरीक्षणाचा आरंभ दुर्मिळ पक्ष्याच्या शोधाने करण्याची हौस अनेकांना असते. त्यापेक्षा खाजणातील बगळ्यापासून सुरुवात करणे अधिक फलदायी. रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरले, की डॉ. सालिम अली पक्षी अभयारण्याच्या परिसरात पांढरे पक्षी नजरेस पडतात. आपण त्या सर्वांना 'बगळा' म्हणून मोकळे होतो.

रंग मात्र फसवा असतो. गुरांमागे फिरणारा गायबगळा एरवी शुभ्र. विणीच्या हंगामात त्याचे डोके, मान व पाठ नारिंगी होते. म्हणून प्रथम चोच पाहावी, नंतर पाय. गायबगळ्याची चोच पिवळी व आखूड. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि बोटे तेवढी पिवळी. ती चिखलात दडलेली असल्यास पक्षी आपणहून उडेपर्यंत थांबावे, त्यास हाकलू नये. ढोकरी तर बसलेली असता मातकट आणि उडताच पांढरीशुभ्र!

शाळेतील नोंदवहीत नुसते 'बगळा' न लिहिता चोच, पाय, जागा व वेळ लिहावी. तिन्ही पक्षी एकाच नावाखाली नोंदले गेले, तर त्यांपैकी एखादा खाजणातून नाहीसा झाल्याचे त्या वहीवरून कधीच कळणार नाही. ओळख पटली नसेल तेथे नावाची जागा खुशाल कोरी ठेवावी.