टी ट्री तेल : उगम, गुण व घरगुती उपयोग

आपल्या भगिनींच्या औषधांच्या फडताळात अमृतधारा व निलगिरी यांच्या शेजारी हल्ली आणखी एक लहानशी बाटली दिसू लागली आहे. तीवर 'टी ट्री ऑइल' असे लिहिलेले असते. नावावरून हे चहाचे तेल असावे असा पुष्कळांचा समज होतो. तो खरा नव्हे. चहाच्या झुडपाशी या झाडाचा काडीचाही संबंध नाही. नाते जोडायचेच तर आपल्या जांभूळ, लवंग व निलगिरी यांच्याशी जोडावे. ही सारी एकाच कुळातील होत.

हे झाड (मेलॅल्यूका आल्टर्निफोलिया) मूळचे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याकडील, न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागातील दलदलीचे. तेथील बुंजालुंग आदिवासी त्याची पाने ठेचून जखमेवर बांधीत. 1920 नंतरच्या दशकात सिडनीचे रसायनज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी या तेलाची परीक्षा केली, तेव्हा त्याची जंतुनाशक शक्ती कार्बोलिक आम्लाच्या सुमारे अकरापट भरली. पुढे पेनिसिलिनसारखी औषधे आली आणि तेल मागे पडले. 1970 नंतर रीतसर लागवड होऊन ते पुन्हा पुढे आले. पाने व कोवळ्या फांद्या यांतून वाफ सोडून ते काढतात. शंभर किलो ओल्या पाल्यातून जेमतेम एक-दोन किलो तेल हाती येते, म्हणून ते महाग. त्याचा मुख्य गुण 'टर्पिनेन-4-ऑल' या घटकात आहे.

आता उपयोग. जाहिरातींत सांगतात तितके रोग याने बरे होत नाहीत. मात्र 1990 साली सिडनीत 124 रुग्णांवर झालेल्या प्रयोगात पाच टक्के तेलाच्या मलमाने तारुण्यपीटिका कमी झाल्या. नेहमीच्या औषधापेक्षा गुण सावकाश आला, पण त्वचेची आग कमी झाली. कोंड्यावरही पाच टक्के तेलाच्या शांपूने उतार पडल्याचे आढळले आहे. घरी करावयाचे तर एक चमचा खोबरेलात पाच-सहा थेंब मिसळावेत व प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून एक दिवस पाहावे. खाज सुटली तर नाद सोडावा. भाजलेल्या जागी, डोळ्यांजवळ व कानात ते घालू नये.

एक गोष्ट मात्र मुलांच्या आयांनी विशेष ध्यानात धरावी. बत्ताशावर अमृतधारेचे थेंब टाकून देण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. ती येथे मुळीच चालवू नये. हे तेल पोटात गेल्यास विषारी आहे. मूल झोके खाऊ लागते, गुंगी येते, प्रसंगी शुद्ध हरपते. असे घडल्यास ओकारी काढण्याच्या खटपटीत न पडता बाटलीसह तडक डॉक्टरांकडे न्यावे. मांजराच्या अंगावरील पिसवांसाठी कोणी हे चोळतात. त्यानेही जनावर लुळे पडते.

बाटली गडद काचेची घ्यावी, बूच घट्ट लावून थंड अंधाऱ्या जागी ठेवावी आणि उघडल्याची तारीख चिठ्ठीवर लिहावी. हवा व उजेड लागून जुने झालेले तेल त्वचेला अधिक बाधते; ते अंगाला लावू नये.