फीच्या आकड्याला घाबरू नका, चार वर्षांचा हिशोब मांडा



बारावीचा निकाल लागला की ॲडमिशनची धावपळ सुरू होते आणि नेमकी तेव्हाच मासेमारी बंद. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस बोटी धक्क्याला. हातात रोजचा पैसा नाही आणि कॉलेज पहिला हप्ता मागतं. मग घाईत दोन गोष्टी होतात. कोणी फीचा आकडा बघूनच खाजगी कॉलेजचा नाद सोडतो. कोणी '५० टक्के स्कॉलरशिप'ची जाहिरात बघून लगेच पैसे भरतो. दोन्हीकडे नुकसान पोरांचंच. म्हणून मुळगाव, डिचोली, पेडणे भागातल्या आपल्या घरांसाठी हा विषय नीट मांडतो.

आधी कॉलेज ओळखा

खाजगी म्हणजे महाग, असं सरसकट नसतं. अनुदानित कोर्सला शिक्षकांचे पगार सरकारी अनुदानातून होतात, म्हणून फी कमी. विनाअनुदानित कोर्सचा सगळा खर्च फीतून निघतो. एकाच कॉलेजात बी.कॉम. अनुदानित आणि बी.सी.ए. विनाअनुदानित असू शकतं. तेव्हा फी कॉलेजची नाही, कोर्सची विचारा.

इंजिनिअरिंगचं सरकारी कॉलेज फर्मागुडीला आहे. खाजगी कॉलेजं वेर्णा, शिरोडा, फातोर्डा आणि आसगाव इथे आहेत. आपल्या बाजूला जवळचं आसगावचं आग्नेल. घरून जाऊन-येऊन शिकता आलं तर हॉस्टेलचा खर्च वाचतो. हीसुद्धा एक सवलतच समजा.

सवलत कुठे मिळते

१. ट्यूशन फी वेव्हर : एआयसीटीईची मान्यता असलेल्या डिग्री-डिप्लोमा कोर्सला मंजूर जागांच्या ५ टक्क्यांपर्यंत जादा जागा या योजनेत असतात. ६० जागांच्या वर्गाला ३ जागा. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. निवड गुणवत्तेवर. माफ होते ती फक्त ट्यूशन फी, बाकीची फी भरावी लागते. या जागेवरून मध्येच कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही. ॲडमिशनचा फॉर्म भरतानाच याबद्दल विचारा.

२. प्रगती स्कॉलरशिप : एआयसीटीई मान्य डिग्री-डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला गेलेल्या मुलींसाठी, वर्षाला ५०,००० रुपये. उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत.

३. केंद्र सरकारची कॉलेज स्कॉलरशिप : पदवीला वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत. बारावीत ८० पर्सेंटाइलच्या वर हवं. लक्षात ठेवा, हे ८० टक्के गुण नव्हेत. आपल्या बोर्डात, आपल्या शाखेत साधारण वरच्या २० टक्के पोरांत नंबर हवा. ७२ टक्केवाल्यानेसुद्धा आधी चौकशी करावी. पुढच्या वर्षी चालू ठेवायला ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. दुसरी स्कॉलरशिप घेत असाल तर ही मिळत नाही.

४. कॉलेजची स्वतःची सवलत : काही संस्था गुण बघून फी कमी करतात, काही गुण आणि घरची परिस्थिती दोन्ही बघतात. झुआरीनगरच्या बिट्स पिलानीत दोन्ही प्रकार आहेत. छोट्या कॉलेजात तर थेट ऑफिसात जाऊन विचारायला लाजू नका.

पोर सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडे पाठवणार असाल तर एक ध्यानात ठेवा. महाराष्ट्र सरकारची मुलींची फी-माफी महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी आहे, गोव्याच्या दाखल्यावर ती धरून चालू नका.

आता हिशोब

इंजिन घेताना आपण नुसती किंमत बघत नाही. डिझेल किती खातं, पार्ट कुठे मिळतात, तेही विचारतो. कॉलेजचंही तसंच. समजण्यासाठी दोन काल्पनिक कॉलेजं घेऊ.

कॉलेज 'अ' : ट्यूशन फी १,२०,०००. पहिल्या वर्षी ५० टक्के सूट, पुढे काही नाही. इतर फी वर्षाला २५,०००. चार वर्षांचे ५,२०,०००.

कॉलेज 'ब' : ट्यूशन फी ९०,०००. दरवर्षी २५ टक्के सूट, अट एकच : विषय राहता कामा नये. इतर फी २०,०००. चार वर्षांचे ३,५०,०००.

जाहिरातीत मोठं दिसणारं 'अ' १,७०,००० रुपयांनी महाग पडलं. समजा पोराचा विषय राहिला आणि 'ब'ची सूट शेवटची दोन वर्षं गेली, तरी खर्च ३,९५,०००. अट मोडली तर किती भरावं लागेल, हा आकडाही आधीच काढून ठेवा.

पैसे भरण्याआधी पाच प्रश्न

१. सूट एका वर्षाची की पूर्ण कोर्सची?
२. ती टिकवायला किती गुण, किती हजेरी?
३. सूट फक्त ट्यूशन फीवर की सगळ्या फीवर?
४. फी आधीच कमी होते की आधी भरून मागून परत मिळते?
५. दुसरी स्कॉलरशिप मिळाली तर ही बंद होते का?

उत्तरं लेखी घ्या. चौथा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात मोठा. स्कॉलरशिपचे पैसे खात्यात उशिरा येतात, त्यावर जूनचा हप्ता भागत नाही. तो हप्ता बंदीआधीच बाजूला काढा, नाहीतर कॉलेजकडे हप्ते पाडून मागा. गोवा एज्युकेशन डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनच्या बिनव्याजी कर्जाचीही चौकशी करा.

कागद आताच काढा

मामलेदार ऑफिसातला उत्पन्नाचा आणि रहिवासाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, आधार जोडलेलं पोराच्या नावाचं बँक खातं. बोटवाल्यांनी एक समजून घ्या. लिलावाची रक्कम म्हणजे उत्पन्न नव्हे. डिझेल, बर्फ, खलाशांचा वाटा आणि दुरुस्ती वजा जाता जे उरतं ते उत्पन्न. म्हणून वर्षभराच्या पावत्या आणि हिशोबाची वही सांभाळून ठेवा, दाखल्याच्या वेळी खरा आकडा दाखवता येईल.

ज्यांची पोरं यंदा बारावीला आहेत, त्यांनी दोन-तीन कॉलेजांची फीची कागदं घेऊन सोसायटीच्या ऑफिसात या. वर दिला तसा हिशोब आपण एकत्र बसून मांडू. आणि ही माहिती शेजारच्या घरातही पोचवा, खास करून जिथे पोरगी शिकतेय तिथे.